ज्युदो बघताना हातांकडे बघा

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तूलिका मानची लढत होती. त्या ऑलिम्पिकला ज्युदोत भारताकडून ती एकटीच गेली होती, त्यामुळे वडोदऱ्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या घरी काका, मी आणि पुतणी असे तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. समोर क्यूबाची इडालिस ऑर्टिस, चार ऑलिम्पिकची चार पदकं गाठीशी असलेली. पंचांनी हात केला, लढत सुरू झाली आणि २८ सेकंदांत तूलिका हरलीसुद्धा.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेला माणूस. मग त्यांनी विचारलं, "अरे, पण ती पट का काढत नव्हती? आणि पाठ लागली म्हणजे लगेच संपलं? कुस्ती रंगायला नको?"

प्रश्न रास्त होता. पट म्हणजे वाकून समोरच्याचा पाय धरून त्याला पाडणं, कुस्तीतला नेहमीचा डाव. कुस्ती, कबड्डी आपल्याला घरच्या वाटतात. क्रिकेटचे नियम तर झोपेतही सांगता येतात. ज्युदो मात्र ऑलिम्पिक आलं की चार दिवस दिसतो आणि दोन जाड कोट घातलेली माणसं एकमेकांना ओढताहेत, एवढंच डोळ्यांत राहतं. पुतणी तीन वर्षांपासून ज्युदो शिकते. तिच्यामुळे मला हा खेळ बघायची सवय लागली आणि तिनेच मला एक गुरुकिल्ली दिली: पडणाऱ्याकडे बघू नकोस, हातांकडे बघ. ज्युदोची लढत हातांत चालते, पडणं हा फक्त तिचा निकाल. पुढचं सगळं त्या एका वाक्याभोवती आहे.

कोट हेच हत्यार

कुस्तीत पैलवान लंगोटावर उतरतो. अंगाला माती लावतो, कारण घामाने निसटणारं शरीर पकडायचं असतं. हात धरायचा तर मनगट, मान धरायची तर मान, नाही तर पाय. ज्युदोत खेळाडूच्या अंगावर जाड विणीचा सुती कोट असतो, त्याला ज्युदोगी म्हणतात. तो नुसता गणवेश नाही. समोरच्याने धरण्यासाठी तुमच्या अंगाला बसवलेल्या मुठी आहेत त्या: गळपट्टी, बाह्या, छातीवरची बाजू. कोट धरला की माणूस धरला.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लढतीच्या आधी कोटाची कडक तपासणी होते. बाही मनगटापर्यंत आलीच पाहिजे, आणि कापड आणि हात यांच्यात पुरेशी मोकळी जागा हवी. ती मोजायला खास मोजपट्टीसारखं साधन असतं. बाही तोकडी किंवा घट्ट असेल तर समोरच्याला पकड मिळणार नाही, म्हणजे तुम्ही त्याची मूठच काढून घेतलीत. सुरुवातीला दोघंही पांढऱ्या कोटात खेळत. प्रेक्षकांना आणि टीव्हीला कोण कोण ते कळेना, म्हणून १९९७ पासून एकाचा पांढरा आणि दुसऱ्याचा निळा असा नियम झाला. ही कल्पना नेदरलँड्सच्या अँटन हेसिंक यांची. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

आता पकड जवळून बघा. उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा हात समोरच्याच्या गळपट्टीवर, साधारण गळ्याच्या हाडाजवळ. डावा हात त्याच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या आसपास. गळपट्टीवरचा हात सुकाणू, बाहीवरचा हात दोर. मुठीत जोर लागतो तो करंगळी, अनामिका आणि मधलं बोट या तिघांचा. अंगठा आणि तर्जनी जवळजवळ सैलच असतात. अंगठ्याने आवळून धरलं तर मनगट ताठ होतं आणि समोरच्याने हात कुठे फिरवला ते हाताला कळेनासं होतं. पुतणीच्या बोटांवर चिकटपट्टीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. सांधे सुजतात, नखं उलटतात. टीव्हीवर बघाल तर जगज्जेत्यांच्या बोटांवरही त्याच पट्ट्या दिसतील.

लढतीचा पहिला अर्धा मिनिट दोघं एकमेकांचे हात झटकताना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, वेळ काढताहेत. कुस्तीत खडाखडी चालते ना, तसंच हे. ज्याला आपल्या आवडीची पकड आधी मिळाली त्याने अर्धी लढत मारली. एक उजवा आणि एक डावा असले तर ही झोंबाझोंबी आणखी चुरशीची होते, कारण दोघांचे पुढचे हात एकाच बाजूला येऊन एकमेकांची वाट अडवतात.

गॅसचं सिलेंडर आणि तोल

पकड कशासाठी? तोल बिघडवण्यासाठी. जपानीत याला कुझुशी म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, गोष्ट लक्षात ठेवा.

भरलेलं गॅस सिलेंडर घरात आलं की आपण ते दारातून स्वयंपाकघरापर्यंत उचलून नेतो का? आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन, मिळून तीस किलोच्या आसपास. माझी आई ते एका हाताने नेते. वरची कडी धरते, सिलेंडर किंचित तिरकं करते आणि तळाच्या कडेवर गोल गोल फिरवत नेते. तिरकं झाल्या क्षणी त्याचं सगळं वजन एका काठावर येतं आणि मग ते कुठल्याही बाजूला वळवायला बोटाएवढाच जोर पुरतो. सरळ उभं होतं तेव्हा हलेना, तिरकं झालं की ऐकतं.

माणसाचंही तेच आहे. दोन्ही पावलांवर वजन सारखं असेल तर त्याला फेकणं म्हणजे सिलेंडर उचलणं. ते एका पावलाच्या कडेवर आणलं की त्याला वळवता येतं. बाहीवरचा हात खेचतो, गळपट्टीवरचा हात उचलतो, समोरचा पंज्यावर येतो. त्याच वेळी तुम्ही त्याच्या पोटाखाली कंबर सरकवता किंवा पायाला पाय लावता. मग फेक. तोल बिघडवणं, आत शिरणं, फेकणं अशा या तीन पायऱ्या, पण पडद्यावर त्या अर्ध्या सेकंदात एकामागोमाग येऊन जातात. आपले डोळे तिसरीवर खिळलेले असतात, म्हणून वाटतं हे अचानक कसं झालं. पहिली हातात घडलेली असते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे आकड्यांत समजावत. समजा समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात. त्याने ढकललं आणि मी अडवलं तर मी हरणार. मी अडवलं नाही, उलट मागे सरलो, तर तो पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. त्या क्षणी त्याची ताकद तीनच उरते, माझी सातच्या सात शाबूत. आता त्याला पाडायला मला माझी अर्धी ताकदही बस्स झाली.

कानो अंगाने लहानखुरे होते. जुजुत्सू या जपानमधल्या जुन्या झुंजविद्येच्या शाळांत ते शिकले. १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोतल्या एका बौद्ध देवळात बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा उघडली. पेशाने शिक्षक. धोक्याचे डाव बाजूला काढले, पडायचं कसं ते आधी शिकवलं आणि दोघंही उद्या पुन्हा खेळू शकतील अशी विद्या उभी केली. पट्ट्यांच्या श्रेणीची पद्धतही त्यांचीच. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले, आशियातले पहिले.

वडोदऱ्याच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्याकडे राजरत्न प्रो. माणिकराव यांनी हेच केलं. वस्ताद जुम्मादादा त्यांचे गुरू, आणि गुरूच्या नावाने त्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिर चालवलं. आखाड्यातली विद्या वस्तादाच्या मर्जीवर न ठेवता तिला शिस्त आणि क्रम दिला. निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडं बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात व्यायाम हा शिक्षणाचा भाग मानला गेला, तसा कानोंच्या टोकियोतही. दोघांची कधी गाठ पडली असती तर बोलायला विषय पुष्कळ होते.

चितपट आणि इप्पोन

काकांचा दुसरा प्रश्न: पाठ लागली म्हणजे संपलं?

संपलं, पण कशीही लागून चालत नाही. ज्युदोतल्या पूर्ण विजयाला इप्पोन म्हणतात. त्यासाठी फेकीत चार गोष्टी लागतात: समोरचा पाठीवर पडला पाहिजे, जोराने पडला पाहिजे, वेगाने पडला पाहिजे, आणि फेकणाऱ्याचा ताबा शेवटपर्यंत सुटता कामा नये. चारही जमलं की पंच हात सरळ वर करतात, लढत तिथेच थांबते. फलकावर कधी कधी '१०' असा आकडा येतो. तो दहा गुणांचा नव्हे, 'खेळ खलास' असं सांगणारा आहे. तूलिकाच्या लढतीत ०-१० दिसलं ते म्हणूनच.

यातलं काही उणं राहिलं, म्हणजे वेग कमी पडला किंवा पाठीऐवजी कूस लागली, तर वाझा-आरी. दोन वाझा-आरी मिळून एक इप्पोन. त्याखाली युको हा आणखी छोटा गुण आहे. तो २०१७ मध्ये काढून टाकला होता, २०२५ पासून परत आणला. युको कितीही झाले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही, पण बाकी सगळं बरोबरीत असेल तर एक युकोही लढत जिंकून देतो.

लढत खाली गेली की दुसरं घड्याळ सुरू होतं. समोरच्याला पाठीवर दाबून धरलं की पंच 'ओसाएकोमी' म्हणतात. पाच सेकंद धरलं तर युको, दहा धरलं तर वाझा-आरी, वीस धरलं तर इप्पोन. कुस्तीत खांदे टेकले की निकाल. इथे वीस सेकंद टेकवून ठेवावे लागतात. खालच्याला त्या वेळात निसटायची संधी असते. त्याने दाबणाऱ्याचा पाय आपल्या पायांत अडकवला तरी 'तोकेता', म्हणजे पकड सुटली. एकोणिसाव्या सेकंदाला कुणी असं सुटतं तेव्हा आमच्या घरात टाळ्या वाजतात, मग तो कुठल्या का देशाचा असेना.

याशिवाय गळा आवळणं आणि हाताची कोंडी हे दोन रस्ते आहेत. कोंडी फक्त कोपराच्या सांध्यावर करता येते. खांदा, गुडघा, बोटं या सगळ्यांना बंदी. असह्य झालं की समोरच्याच्या अंगावर किंवा चटईवर दोनदा थोपटायचं. यात कमीपणा कोणी मानत नाही. थोपटणाऱ्याला लगेच सोडणं हा या खेळाचा धर्म आहे, आणि पोरं पहिल्या आठवड्यात तोच शिकतात. त्याच्याही आधी शिकतात पडायला. हनुवटी छातीला लावून, हात चटईवर सपाट आपटून. तो जो 'फाट्' असा आवाज येतो ना, तो डोक्याचा नसतो, हाताचा असतो. पुतणी पहिल्यांदा जोरात पडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. ती उठून हसत होती.

पट का नाही?

हा काकांचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्यांना आजही पुरतं पटलेलं नाही.

पूर्वी ज्युदोत पट होता. दोन्ही पाय धरून मागे लोटणं, म्हणजे आपला दुहेरी पट, हा कोदोकानच्या डावांच्या यादीतला रीतसर डाव आहे. पण सत्तरच्या दशकानंतर जगभरचे पैलवान आपापल्या मातीतल्या कुस्त्या घेऊन ज्युदोत उतरले. रशिया, जॉर्जिया, मंगोलिया इथले मल्ल वाकून उभे राहत, पायांवर झेपावत. हळूहळू दोघंही कमरेतून वाकलेले आणि एकमेकांपासून लांब, असं चित्र दिसू लागलं. उभ्याने पकड घेऊन मारलेली मोठी फेक दुर्मीळ झाली आणि कुस्ती कुठली, ज्युदो कुठला हे ओळखणं कठीण झालं. मग आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० साली पाय धरण्यावर मर्यादा घातल्या आणि २०१३ पासून कमरेखाली हात लावणंच बंद केलं. आता उभ्याने लढताना पाय धरला की शिक्षा.

काकांच्या मते हे म्हणजे बुद्धिबळातून घोडा काढण्यासारखं झालं. मला त्यांचं दुःख कळतं. पण एक मान्य करायला हवं, की त्या नियमानंतर खेळ पुन्हा हातांत आला. दोघं उभे, दोघांची पकड समोर, तोल समोर. आणि कुस्तीचा जाणकार नीट बघेल तर त्याला ओळखीचं पुष्कळ सापडेल. खांद्यावरून फेकतात ती धोबीपछाडची सख्खी बहीण. समोरच्याच्या मांड्यांत पाय घालून उडवतात ती टांग. मानेला विळखा घालून कमरेवरून घेतात ती ढाक. काका आता एकेक डाव आपल्या नावाने पुकारतात आणि पुतणी जपानी नाव सांगते. दोघांची अशी जुगलबंदी चालते.

न लढण्याची शिक्षा

पुरुष असो की महिला, लढत चार मिनिटांची. बरोबरी झाली की गोल्डन स्कोर: घड्याळाला शेवट नाही, जो पहिला गुण घेईल तो जिंकला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७० किलो गटाच्या उपान्त्य फेरीत जपानची चिझुरू अराई आणि रशियाची मदिना ताइमाझोवा सोळा मिनिटांहून अधिक वेळ लढल्या. ताइमाझोवाचा एक डोळा सुजून जवळपास मिटला होता. शेवटी अराईने तिचा गळा आवळला. ताइमाझोवाने थोपटलं नाही, ती शुद्ध हरपेपर्यंत लढली. अराईने त्या दिवशी सुवर्ण घेतलं, आणि थोड्या वेळाने ताइमाझोवाने परत येऊन कांस्य जिंकलं.

मग कुणी नुसता वेळ काढत राहिलं तर? त्यासाठी शिडो, म्हणजे ताकीद. पकड घ्यायचीच टाळणं, खोटाखोटा डाव टाकून खाली बसणं, रिंगणाबाहेर जाणं, नुसतं अडवत राहणं, या सगळ्यांना शिडो. तीन शिडो झाले की खेळाडू बाद. नव्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: कुणी पडलं नाही, कुणी पाडलं नाही, तरी लढत संपली कशी? पुन्हा हातांकडे बघा. कोण पकड घ्यायला पुढे येतोय आणि कोण कोट मागे ओढून पळतोय, ते दिसायला लागलं की तिसरा शिडो कुणाला मिळणार हे आधीच कळतं.

पंच चटईवर एकच असतो. बाकीचे पंच कॅमेऱ्यावर बघतात आणि चूक झाली तर त्याला कानातल्या यंत्रातून सांगतात. प्रशिक्षक कडेला खुर्चीवर बसतो आणि 'माते' म्हणजे थांबा म्हटल्यावर तेवढ्या विश्रांतीतच बोलू शकतो. लढत सुरू असताना तो बोलत राहिला तर त्याला बाहेरही काढू शकतात.

स्पर्धेचा दिवस

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांचे सात आणि महिलांचे सात वजनगट असतात. पुरुषांत ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० आणि १०० च्या वर. महिलांत ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ आणि ७८ च्या वर. प्रत्येक गट एकाच दिवसात आटोपतो. सकाळी पहिली फेरी आणि संध्याकाळी गळ्यात पदक. विजेत्याला एका दिवसात पाच-सहा लढती कराव्या लागतात.

वजन आदल्या संध्याकाळी होतं. खेळाडू पाणी तोडून, घाम काढून गटात बसतात आणि मग रात्रीत खाऊन-पिऊन भरपाई करतात. ती भरमसाट होऊ नये म्हणून स्पर्धेच्या सकाळी काही जणांची नावं चिठ्ठीने काढून पुन्हा वजन करतात. तेव्हा गटाच्या वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त भरलं तर बाद. ६० किलोवाल्याला ६३ पर्यंत सूट.

ड्रॉ बाद पद्धतीचा. पहिल्या आठ मानांकितांना चार भागांत विखुरतात, म्हणजे ते सुरुवातीलाच एकमेकांना भिडत नाहीत. उपान्त्यपूर्व फेरीत हरलेल्यांना मागच्या दाराने परत यायची एक संधी मिळते, तिला रेपशाज म्हणतात. तिथे जिंकलेले दोघं उपान्त्य फेरीत हरलेल्या दोघांशी लढतात. म्हणून कांस्य दोन असतात. त्याआधी हरलात तर मात्र घरी.

याची किंमत पॅरिसमध्ये जपानच्या उता आबेने मोजली. ५२ किलो गटात ती आधीची ऑलिम्पिक विजेती होती, २०१९ पासून हरलेली नव्हती. दुसऱ्याच लढतीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाने तिला इप्पोनने पाडलं. उपान्त्यपूर्व फेरीच्या आधी हरल्यामुळे रेपशाजही नाही. चटईवरून उतरताना तिचा बांध फुटला आणि भरलेल्या सभागृहात तिचा हंबरडा ऐकू येत राहिला. लोक तिच्या नावाचा घोष करत होते. केल्दियोरोवाने पुढे सुवर्णच घेतलं. जवळपास पाच वर्षांचा दबदबा एका क्षणात मोडतो. यामुळेच मला हा खेळ निर्दय वाटतो, आणि याच कारणाने मी तो बघतो.

स्पर्धांच्या पायऱ्या ठाऊक असल्या की बातम्या कळतात. वर्षभर ग्रँड प्री आणि ग्रँड स्लॅम चालू असतात. ग्रँड प्री जिंकली तर ७०० गुण, ग्रँड स्लॅमला १०००, जागतिक अजिंक्यपदाला २०००. या गुणांवर क्रमवारी ठरते आणि क्रमवारीवर ऑलिम्पिकचं तिकीट. पॅरिस आणि टोकियोच्या ग्रँड स्लॅमना जुना मान आहे.

बायकांना चटई मिळाली तेव्हा

आज पुरुष आणि महिलांच्या लढती त्याच चटयांवर, त्याच दिवशी, सारख्या वेळेच्या होतात. हे सहज मिळालेलं नाही. ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला १९६४ मध्ये टोकियोला, फक्त पुरुषांसाठी. त्या वेळी खुल्या गटात हेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरून हरवलं आणि साऱ्या जपानला धक्का बसला. आनंदाने चटईकडे धावलेल्या आपल्या देशवासीयांना हेसिंकने हात करून जागच्या जागी थांबवलं. हरलेल्याचा मान राखायचा म्हणून. जपानी लोक ते अजून विसरलेले नाहीत.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९५९ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत रस्टी कानोकोगी नावाची तरुणी पुरुषांच्या संघातून, पुरुष भासवून उतरली. लढत जिंकली. ती बाई आहे हे कळल्यावर तिचं पदक काढून घेतलं. तिने राग धरला तो कामाला लावला. १९८० साली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये झाली, ती तिच्याच धडपडीने. १९८८ मध्ये सोलला प्रदर्शनीय खेळ म्हणून आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला पूर्ण पदकांसह महिलांचा ज्युदो ऑलिम्पिकमध्ये आला. महिलांची लढत आधी पाच मिनिटांवरून चारवर आणली आणि २०१७ मध्ये पुरुषांचीही चारवर आली, तेव्हा वेळेतलाही फरक मिटला.

आणि मग मिश्र सांघिक लढत. तीन पुरुष, तीन महिला, सहा लढती, आधी चार जिंकेल तो संघ विजेता. ३-३ झालं तर चिठ्ठीने एक वजनगट काढून तेच दोघं पुन्हा लढतात. पॅरिसच्या अंतिम फेरीत फ्रान्स आणि जपान ३-३ वर आले. पडद्यावर वजनगट फिरू लागले आणि थांबले ९० किलोच्या वर. म्हणजे फ्रान्सचा टेडी रिनेर, स्वतःच्याच शहरात. त्याने जपानच्या तात्सुरू सैतोला पुन्हा हरवलं आणि सुवर्ण फ्रान्सला. पण ती ३-३ ची बरोबरी आणणाऱ्यांत पोरीही होत्या, हे विसरू नये. या प्रकारात एकटा रिनेर काही करू शकत नाही.

आपण कुठे आहोत

ऑलिम्पिकचं पदक ज्युदोत भारताला अजून मिळालेलं नाही. पण पाटी कोरी नाही. मणिपूरच्या सुशीला देवीने राष्ट्रकुल स्पर्धेत २०१४ आणि २०२२ अशी दोन रौप्यं मिळवली. २०२२ मध्येच तूलिकाचं रौप्य आणि विजय कुमार यादवचं कांस्य. त्याच वर्षी सारायेव्होला मणिपूरचीच लिंथोई चनांबम ५७ किलो गटात कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालची, विश्वविजेती झाली. कुठल्याही वयोगटातल्या जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताचं ते पहिलं पदक. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत खेळांची संख्या बरीच कापली, पण ज्युदो राहिला. लहान देशाने काय होतं असं कुणी म्हणालं तर कोसोव्होचं नाव सांगावं. त्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक, २०१६ चं सुवर्ण, माइलिंडा केल्मेंडीने ज्युदोतच आणलं.

आणि कपिल परमार. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सिहोरचा. लहानपणी शेतातल्या पंपाचा विजेचा धक्का बसला, पुढे नजर गेली. ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ६० किलोच्या जे-१, म्हणजे सगळ्यात कमी दृष्टी असलेल्यांच्या, गटात त्याने ब्राझीलच्या खेळाडूला १०-० ने हरवून कांस्य घेतलं. पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं हे पहिलंच पदक.

दृष्टिबाधितांच्या ज्युदोत नियम जवळपास तेच, फक्त सुरुवात वेगळी. पंच दोघांना समोरासमोर उभं करतात, एकमेकांचा कोट धरायला लावतात आणि मगच 'हाजिमे', म्हणजे सुरू करा, म्हणतात. पकड सुटून दोघं लांब गेले तर थांबवून पुन्हा पकडीत आणतात. समोरचा कुठे आहे, वजन कुठल्या पायावर आहे, कधी झेप घेणार आहे, हे सगळं त्या मुठीतून कळतं. कपिलची ती लढत आम्ही बघितली तेव्हा काका पुढे सरकून बसले होते. पटाचं नाव त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणी सरावाहून आली तर त्यांनी तिला थांबवलं, आपल्या सदऱ्याची बाही पुढे केली आणि म्हणाले, "दाखव बघू, कसं धरतात." तिने दाखवलं. मग त्यांनी तिच्या कोटाची बाही धरली. पैलवानाची पकड ती, अंगठा हाडात रुतणारी.

"आजोबा, अंगठा सोडा," ती म्हणाली. "करंगळीनं धरा."